अध्यक्षपदाची बरोबरी: अमेरिका, फेब्रुवारी १८०१ (प्रकरण अभ्यास)

११ फेब्रुवारी १८०१ रोजी वॉशिंग्टनमध्ये अध्यक्षीय निवडणुकीची मतं मोजली गेली आणि एकाच पक्षाच्या दोघांना प्रत्येकी ७३ मतं निघाली: थॉमस जेफरसन आणि आरन बर. जेफरसननं अध्यक्ष व्हायचं आणि बरनं उपाध्यक्ष, हे त्यांच्या पक्षात केव्हाच ठरलेलं होतं. मतदारांनाही ते माहीत होतं. पण मतपत्रिकेवर तसं नोंदवायची सोयच राज्यघटनेत नव्हती. तिढा सोडवायचा अधिकार गेला प्रतिनिधीगृहाकडे, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाकडे, आणि त्या गृहात बहुमत होतं निवडणूक हरलेल्या पक्षाचं.

ही गोष्ट बहुतेकदा बरच्या महत्त्वाकांक्षेची म्हणून सांगतात. बरचा वाटा त्यात आहेच, पण माझ्या मते मूळ दुखणं आधीचं आहे. पक्ष नसतील असं धरून नियम लिहिला गेला. पुढच्या बारा वर्षांत पक्ष उभे राहिले आणि नियम मात्र तसाच राहिला. पक्षाची शिस्त जितकी पक्की, तितकी ही बरोबरी अटळ होती.

पार्श्वभूमी

१७८७ मध्ये फिलाडेल्फियात घटना लिहिताना अध्यक्ष निवडायचा कसा, यावर खूप काथ्याकूट झाला. शेवटी ठरलं ते असं. प्रत्येक राज्य आपले निर्वाचक, म्हणजे अध्यक्ष निवडण्यापुरते मतदार, नेमेल. प्रत्येक निर्वाचक दोन माणसांना मत देईल, त्यातला निदान एक त्याच्या स्वतःच्या राज्याबाहेरचा असेल. ज्याला सर्वांत जास्त मतं आणि शिवाय निर्वाचकांचं बहुमत मिळेल तो अध्यक्ष, त्याच्या खालचा उपाध्यक्ष. बरोबरी झाली किंवा कोणालाच बहुमत मिळालं नाही, तर प्रतिनिधीगृह निवड करेल. तिथं खासदारागणिक मत नाही, राज्यागणिक एक मत.

यामागची कल्पना उघड होती. निर्वाचक हे जाणते, स्वतंत्र बुद्धीचे लोक असतील, आपापल्या समजुतीप्रमाणे देशातली दोन लायक माणसं निवडतील, मतं विखुरतील, त्यातून उत्तम माणूस वर येईल. पक्षाच्या यादीप्रमाणे सगळे एकसारखं मत देतील, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. गट पडणं हा तेव्हा रोग मानला जाई.

पहिल्या दोन निवडणुकांत नियमाची परीक्षा झालीच नाही, कारण जॉर्ज वॉशिंग्टन उभे होते. १७८९ मध्ये सगळ्या ६९ निर्वाचकांनी त्यांना मत दिलं. तरी अलेक्झांडर हॅमिल्टनच्या लक्षात धोका आला होता. जॉन अ‍ॅडम्सनाही सगळ्यांनी मत दिलं तर बरोबरी होईल, म्हणून त्यानं काही निर्वाचकांना अ‍ॅडम्सचं मत दुसरीकडे वळवायला सांगितलं. अ‍ॅडम्सना ३४ मतं पडली आणि तो अपमान त्यांच्या मनात राहिला.

फूट पडली ती पैशावरून. जानेवारी १७९० मध्ये अर्थमंत्री हॅमिल्टननं योजना मांडली की स्वातंत्र्ययुद्धात राज्यांनी काढलेलं, सुमारे अडीच कोटी डॉलरचं कर्ज केंद्रानं आपल्या अंगावर घ्यावं. आपलं बरंचसं कर्ज फेडून मोकळ्या झालेल्या व्हर्जिनियाला हे पटेना. शेवटी त्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कला जेफरसनच्या घरी जेवणावर तडजोड झाली: कर्जाची योजना मंजूर, बदल्यात राजधानी पोटोमॅक नदीकाठी. पुढच्या वर्षी राष्ट्रीय बँक आली, एक कोटी डॉलर भांडवलाची, वीस वर्षांच्या सनदेची. जेम्स मॅडिसन आणि परराष्ट्रमंत्री जेफरसन यांचं म्हणणं होतं की अशी बँक काढायचा अधिकार घटनेनं केंद्राला दिलेलाच नाही.

इथून पुढे मतभेदाचा पक्ष झाला. तो कसा झाला याचा एक नमुना बघण्यासारखा आहे. हॅमिल्टनच्या बाजूनं जॉन फेनोचं वृत्तपत्र होतं. त्याला उत्तर म्हणून जेफरसन आणि मॅडिसन यांनी फिलिप फ्रेनो या कवीला फिलाडेल्फियात आणलं. त्याला परराष्ट्र खात्यात वर्षाला २५० डॉलर पगारावर भाषांतरकाराची नोकरी दिली. ऑक्टोबर १७९१ पासून फ्रेनोच्या वृत्तपत्रातून सरकारवर टीकेची झोड उठली. म्हणजे मंत्रिमंडळातलाच एक मंत्री सरकारविरोधी पत्राच्या संपादकाला सरकारी पगारावर पोसत होता, आणि दुसरा मंत्री टोपणनावानं त्याला झोडत होता. मध्ये बसलेले वॉशिंग्टन दोघांना पत्रं लिहून समजावत होते. उपयोग झाला नाही.

फ्रेंच क्रांती आणि ब्रिटनशी १७९४ मध्ये झालेला जॉन जे यांचा करार, या दोन गोष्टींनी फूट गावोगाव नेली. हॅमिल्टनकडचे ते फेडरलिस्ट, जेफरसनकडचे ते रिपब्लिकन. (आजच्या रिपब्लिकन पक्षाशी यांचं नातं नाही, तो १८५० च्या दशकातला.) १७९८ मध्ये फेडरलिस्टांनी राजद्रोहाचा कायदा करून सरकारवरची टीका गुन्हा ठरवली. त्या कायद्याखाली व्हरमाँटचा खासदार मॅथ्यू लायन चार महिने तुरुंगात गेला आणि तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून आला. हे नाव लक्षात ठेवा, शेवटच्या दिवशी त्याचं मत येणार आहे.

पेच कसा पडला

धोक्याची घंटा १७९६ मध्येच वाजली होती. अ‍ॅडम्स ७१, जेफरसन ६८. अध्यक्ष एका पक्षाचा, उपाध्यक्ष विरोधी पक्षाचा. नियम बदलायची ती वेळ होती. पण दोन्ही पक्षांनी नियम बदलण्याऐवजी नियमाला पुरून उरायचं ठरवलं: पुढच्या खेपेला आपले सगळे निर्वाचक आपल्या दोन्ही उमेदवारांना मत देतील, म्हणजे दोन्ही पदं आपलीच.

याच निवडणुकीत आणखी एक गोष्ट घडली. व्हर्जिनियाच्या २१ निर्वाचकांपैकी फक्त एकानं बरला मत दिलं. न्यूयॉर्कच्या या वकिलाला दगाफटका झाल्यासारखं वाटलं, आणि ते चुकीचं नव्हतं.

१८०० मध्ये रिपब्लिकनांना बर हवाच होता, कारण न्यूयॉर्कची १२ मतं त्याच्या हातात होती. तिथं निर्वाचक विधिमंडळ निवडत असे, आणि विधिमंडळाचं पारडं शहरातल्या जागांवर फिरणार होतं. बरनं माजी गव्हर्नर जॉर्ज क्लिंटन, युद्धातले सेनापती होरेशियो गेट्स अशी वजनदार नावं उमेदवार म्हणून उभी केली, प्रभागवार याद्या केल्या, माणसं दारोदार पाठवली. एप्रिलच्या शेवटी रिपब्लिकनांनी शहर जिंकलं. वाटाघाटीत बरचं एकच मागणं होतं: या वेळी दक्षिणेनं शब्द पाळावा.

दक्षिणेनं शब्द पाळला, अगदी एकूण एक मत देऊन. पेच पडला तो त्यामुळंच. कोणा एका निर्वाचकानं बरचं मत दुसऱ्याला द्यायला हवं होतं. ते दुसरं कोणतं तरी राज्य करेल असं प्रत्येकाला वाटत राहिलं. बातम्या घोड्यावरून येत होत्या, सगळ्या राज्यांत मतदान ३ डिसेंबरला एकाच दिवशी होतं, आणि बरला पुन्हा दुखवायची हिंमत कोणात नव्हती. फेडरलिस्टांनी मात्र हे काम चोख केलं होतं. ऱ्होड आयलंडच्या एका निर्वाचकानं आपलं दुसरं मत जॉन जे यांना दिलं. त्यामुळं अ‍ॅडम्स ६५ आणि त्यांचे जोडीदार पिंकनी ६४. ते जिंकले असते तर काही प्रश्नच आला नसता.

समोरचे पर्याय

राज्यं सोळा होती, जिंकायला नऊ लागत होती. रिपब्लिकनांकडे आठ राज्यांची शिष्टमंडळं होती, फेडरलिस्टांकडे सहा, आणि व्हरमाँट व मेरीलँड दोन्हीकडे सारखे वाटलेले. नवं, रिपब्लिकन बहुमताचं गृह निवडून आलं होतं, पण ते अजून बसलं नव्हतं. निर्णय जुन्या गृहानं घ्यायचा होता. अ‍ॅडम्स यांची मुदत ३ मार्चला संपत होती.

फेडरलिस्टांना तीन वाटा दिसत होत्या. लोकांचा कल मान्य करून जेफरसनला निवडायचं. किंवा बरला निवडून त्याला आपल्या उपकाराखाली ठेवायचं. नाहीतर ३ मार्चपर्यंत निवडच होऊ द्यायची नाही आणि मग कायदा करून सिनेटचा हंगामी अध्यक्ष किंवा असाच दुसरा अधिकारी खुर्चीवर बसवायचा. तिसऱ्या वाटेची कुजबुज बाहेर गेली तेव्हा पेनसिल्व्हेनिया आणि व्हर्जिनिया या राज्यांत सैन्यदल सज्ज करण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. जेफरसननं १५ फेब्रुवारीला व्हर्जिनियाचा गव्हर्नर जेम्स मन्रो याला लिहिलं की असा कायदा झाला तर मधली राज्यं शस्त्र उचलतील, हे आम्ही त्यांना उघड सांगितलं आहे.

बहुतेक फेडरलिस्टांना दुसरी वाट आवडली. या क्षणी त्यांना विरोध केला तो त्यांच्याच नेत्यानं. हॅमिल्टननं डिसेंबर-जानेवारीत पत्रांचा सपाटा लावला. जेफरसनचा द्वेष करायला आपल्याइतकी कारणं कोणाकडे नसतील, पण त्याला निदान काही तत्त्वं आहेत, चालू घडी मोडण्याऐवजी तो सांभाळून घेईल. बरला स्वतःशिवाय काही नाही, असं त्याचं म्हणणं होतं. पुढं जे घडलं त्यावरून जेफरसनविषयीचा त्याचा अंदाज बराचसा खरा ठरला. पण ऐकणार कोण? ऑक्टोबरमध्ये यानंच आपल्या पक्षाच्या अध्यक्षाविरुद्ध लांबलचक पत्रक काढून अ‍ॅडम्सना उघडं पाडलं होतं. पक्षात त्याच्या शब्दाला वजन उरलं नव्हतं.

कोणी काय केलं

बर त्या काळात वॉशिंग्टनला आलाच नाही. तो न्यूयॉर्क राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीला होता. डिसेंबरच्या मध्याला त्यानं सॅम्युअल स्मिथ या मेरीलँडच्या खासदाराला लिहिलं की जेफरसनशी स्पर्धा करायचा माझा विचार नाही. हे पत्र छापलं गेलं. पण निवड झालीच तर पद सोडशील का, या प्रश्नाला त्यानं ‘होय’ म्हटलं नाही. त्यानं फेडरलिस्टांशी सौदा केल्याचा पुरावा नाही. नकारही दिला नाही. या गप्प बसण्यानं त्याचं दोन्हीकडे नुकसान झालं.

११ तारखेला बर्फ पडत होतं. कॅपिटॉलचा, म्हणजे संसद भवनाचा, फक्त उत्तरेकडचा भाग बांधून झाला होता. आधी सिनेटच्या दालनात मतं उघडली गेली, आणि ती उघडणारा होता उपाध्यक्ष म्हणून अध्यक्षस्थानी असलेला जेफरसनच. स्वतःच्या निवडणुकीचा निकाल स्वतः जाहीर करायचा, हीही त्या नियमाचीच देणगी. मग प्रतिनिधीगृहानं मतदान सुरू केलं. निवड होईपर्यंत दुसरं कामकाज नाही आणि गृह तहकूब नाही, असं त्यांनी आधीच ठरवून घेतलं होतं.

मेरीलँडचा जोसेफ निकल्सन तापानं फणफणला होता. त्याला खाटेवर घालून बर्फातून आणलं आणि शेजारच्या समितीच्या खोलीत ठेवलं. पत्नी उशाशी. प्रत्येक फेरीला मतपेटी त्याच्या खाटेपाशी जाई आणि तो जेफरसनचं नाव लिही. तो आला नसता तर मेरीलँडची चार-चार बरोबरी मोडून ते राज्य बरकडे गेलं असतं. या सगळ्या प्रकरणात कोणाबद्दल मला निखळ आदर वाटत असेल तर त्या नवरा-बायकोबद्दल.

पहिली फेरी: जेफरसन ८, बर ६, दोन राज्यं विभागलेली. दुसरी तशीच. रात्रभर फेऱ्या चालल्या, माणसं बाकांवर डुलक्या घेत होती. आकडा हलला नाही. गुरुवार, शुक्रवार, शनिवार गेले.

सगळ्यांचे डोळे लागले होते डेलावेअरच्या जेम्स बेयर्डकडे. व्हर्जिनियाच्या १९ खासदारांचं मिळून जेवढं मत, तेवढंच चौसष्ट हजार वस्तीच्या डेलावेअरच्या या एकट्या खासदाराचं. बेयर्ड फेडरलिस्ट होता, पहिल्या फेरीपासून बरला मत देत होता. पण निवडच होऊ द्यायची नाही, ही वाट त्याला मान्य नव्हती. डेलावेअर हे चिमुकलं राज्य, संघ मोडला तर स्वतःचं रक्षण करायची त्याची ताकद नाही, तेव्हा घटनेचा जुगार खेळायचा अधिकार मला नाही, असं त्यानं नंतर अ‍ॅडम्सना लिहिलं.

त्यानं जेफरसनकडून हमी मिळवायचा प्रयत्न केला. सरकारचं कर्ज फेडलं जाईल, आरमार मोडीत काढलं जाणार नाही, आणि धोरणाशी संबंध नसलेल्या खालच्या अधिकाऱ्यांना केवळ पक्षाच्या कारणानं काढलं जाणार नाही. उदाहरणादाखल त्यानं नावंही दिली, फिलाडेल्फिया आणि विल्मिंग्टन या बंदरांच्या जकात अधिकाऱ्यांची. मध्यस्थ होता तोच सॅम्युअल स्मिथ. स्मिथ जेफरसनशी बोलला आणि परत येऊन म्हणाला, काळजी नसावी. जेफरसननं पुढं आयुष्यभर सांगितलं की मी कोणताही सौदा केला नाही. माझं मत असं की दोघंही आपापल्या परीनं खरं बोलत होते. स्मिथनं गप्पांच्या ओघात जेफरसनचे विचार काढून घेतले आणि बेयर्डला ते वचन म्हणून दिले. विल्मिंग्टनचा जकात अधिकारी अ‍ॅलन मॅक्लेन पुढं आपल्या जागेवर राहिला, एवढं खरं.

बेयर्डनं पक्षाच्या बैठकीत आपला निर्णय सांगितला तेव्हा एकच गदारोळ झाला. फितुरीचे आरोप झाले. बरकडून पत्रं यायची होती तेवढं थांबावं, असं ठरलं. पत्रं आली, त्यात बांधिलकीचा एक शब्द नव्हता.

निकाल

१७ फेब्रुवारीला दुपारी ३५ वी फेरीही पूर्वीसारखीच गेली. ३६ व्या फेरीत व्हरमाँटचा फेडरलिस्ट खासदार लुईस मॉरिस गृहात आलाच नाही, त्यामुळं त्या राज्याचं मत उरलेल्या एकट्या मॅथ्यू लायननं दिलं. ज्या पक्षानं त्याला तुरुंगात टाकलं, त्याच्या पराभवावर शिक्का मारला त्यानं. मेरीलँडच्या चार फेडरलिस्टांनी कोऱ्या चिठ्ठ्या टाकल्या, ते राज्यही जेफरसनकडे गेलं. डेलावेअर आणि दक्षिण कॅरोलिना यांनी कोरं मत नोंदवलं. जेफरसन १०, बर ४.

हे बारकाईनं बघा: बरच्या बाजूच्या एकाही फेडरलिस्टानं आपलं मत फिरवून जेफरसनला दिलं नाही. त्यांनी फक्त अडवणं थांबवलं. पक्षाशी इमान राखून सत्ता सोडायची ही युक्ती होती, आणि मला ती त्या आठवड्यातली सर्वांत शहाणी कृती वाटते.

४ मार्चला जेफरसननं शपथ घेतली. अ‍ॅडम्स पहाटे चारलाच गाव सोडून गेले होते. शपथविधीला थांबले नाहीत, पण सत्ता विनातक्रार सोडली. एका पक्षाकडून दुसऱ्याकडे अध्यक्षपद गेल्याची ही त्या देशातली पहिली वेळ.

या विजयाची एक बाजू झाकून ठेवता येत नाही. गुलामांना मताचा अधिकार नव्हता, पण राज्यांच्या जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं असं मोजलं जाई. त्यामुळं दक्षिणेच्या निर्वाचकांची संख्या फुगली होती. ती वाढीव मतं वजा केली तर अ‍ॅडम्स पुढं जातात. लोकमताचा विजय म्हणून जेफरसनच्या बाजूनं जे सांगितलं गेलं, त्यात हे लोक कुठंच नव्हते.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय होता एका मताचा. खुद्द जेफरसननं १५ डिसेंबरला बरला लिहिलं की जे पक्कं ठरवायला हवं होतं ते नशिबावर सोडलं गेलं, ही गैरव्यवस्था झाली. हे मत कोणत्या राज्यानं वळवायचं, ते बरच्या संमतीनं उन्हाळ्यातच ठरवायला हवं होतं. त्याला दुखवायची भीती त्याला विचारूनच घालवता आली असती.

दुसरी संधी बरची. ‘माझी निवड झाली तर मी राजीनामा देईन’ एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते न लिहिल्यामुळं जेफरसननं त्याच्यावर पुन्हा विश्वास टाकला नाही आणि १८०४ मध्ये त्याला उमेदवारी मिळाली नाही. त्याच वर्षी ११ जुलैला द्वंद्वात त्याच्या गोळीनं हॅमिल्टन जखमी झाला आणि दुसऱ्या दिवशी गेला.

एक निर्णय मात्र ज्याची फारशी चर्चा होत नाही, तो योग्य वेळी योग्य झाला होता. मे १८०० मध्ये न्यूयॉर्क हातचं गेल्यावर हॅमिल्टननं गव्हर्नर जॉन जे यांना लिहिलं की जुन्या विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलवा आणि निर्वाचक निवडायची पद्धतच बदला. जे यांनी उत्तर दिलं नाही. पक्षाच्या फायद्यासाठी सुचवलेला हा उपाय अंगीकारणं मला शोभणार नाही, अशी नोंद त्यांनी त्या पत्रावर केली आणि ते ठेवून दिलं. जॉन जे स्वतः फेडरलिस्ट होते, पक्ष हरणार हे त्यांना दिसत होतं. त्यांनी होकार दिला असता तर पुढची सगळी लढाई ऑल्बनीतच नासली असती.

खरी चूक १७९६ नंतरच्या चार वर्षांतली. दुरुस्ती कशी हवी हे कळायला फार बुद्धी लागत नव्हती. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांना वेगवेगळं मत द्यायचं, बस. ती बारावी घटनादुरुस्ती डिसेंबर १८०३ मध्ये काँग्रेसनं (अमेरिकेच्या संसदेनं) मंजूर केली, सिनेटमध्ये २२ विरुद्ध १० मतांनी, आणि जून १८०४ मध्ये ती लागू झाली. तेव्हाही डेलावेअर आणि कनेक्टिकटनं ती नाकारली. त्या शरद ऋतूतल्या निवडणुकीत जेफरसनला १६२ मतं पडली, समोरच्या पिंकनी यांना १४.

दोन गोष्टी त्या दुरुस्तीनं सोडून दिल्या. मुदत संपत आलेल्या जुन्या गृहानं निवड करायची, ही पद्धत १९३३ पर्यंत चालली. आणि राज्यागणिक एक मत हा नियम अजून आहे. १८२४ मध्ये अँड्र्यू जॅक्सनला सर्वाधिक ९९ मतं मिळूनही बहुमत नव्हतं, तेव्हा गृहानं पहिल्याच फेरीत १३ राज्यांच्या मतांनी जॉन क्विन्सी अ‍ॅडम्सना निवडलं. आज तसा प्रसंग आला तर पन्नासपैकी सव्वीस राज्यं लागतील, आणि तेव्हाही डेलावेअरचं मत त्याच्या एकट्या खासदाराच्या हातात असेल.